दूरदेशीचा सण आणि घरचा रोष

एक मे हा दिवस आम्हां सिंधुदुर्गवासीयांच्या वाट्याला तिहेरी होऊन आला आहे. १९५५ साली पोप बारावे पायस यांनी तो कामगार संत योसेफाचा सण म्हणून ख्रिस्तसभेला दिला. १९६० साली त्याच दिवशी महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले. पुढे १९८१ साली पुन्हा त्याच दिवशी जुन्या रत्नागिरी जिल्ह्यातून आपला सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला. शिवाय हा दिवस उगवतो तो आंब्याच्या ऐन हंगामात, चाकरमानी गावी आलेले असताना, वर्षभर कुलूप घातलेल्या घरांच्या खिडक्या उघडलेल्या असताना. इतके असूनही आपल्या गावांत त्याचा गाजावाजा बेताचाच होतो. सकाळी ध्वजवंदन, देवळात मिस्सा, आणि मग ज्याचे त्याचे काम. या दिवसाचा थाट पाहावयाचा तर तो परदेशी पाहावा, असे आता लोक म्हणू लागले आहेत.

हा थाट सर्वांच्या परिचयाचा झाला आहे. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ सालापासून चालू आहे. उत्तर अमेरिकेतील मंडळांना एका सूत्रात गुंफणारे बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ साली, म्हणजे आपला जिल्हा जन्मला त्याच वर्षी, शिकागोत स्थापन झाले. आखाती देशांत, ऑस्ट्रेलियात, सिंगापुरात, जेथे मराठी माणूस गेला तेथे मंडळ झाले. एक मेच्या आगेमागे येणाऱ्या शनिवारी वा रविवारी भाड्याचे सभागृह घेतले जाते. फेटे, नऊवारी, ढोल-ताशे, लावणीचा एक नाच, पोवाड्याचा एक तुकडा, आणि मग जेवण. त्यात कोकणाची हजेरी लागते ती बहुधा कोंबडी-वड्यांच्या आणि सोलकढीच्या रूपाने. या समारंभाची चित्रे दुसऱ्या दिवशी भ्रमणध्वनीवरून गावच्या पडवीत येऊन पोहोचतात, आणि पडवीत बसलेल्या वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठी पडते. ‘हा कसला महाराष्ट्र? हे कसले कोकण?’ असा प्रश्न आम्ही अनेकांच्या तोंडून ऐकला आहे.

हा रोष आम्हांला परका नाही. त्यात थोडे तथ्य आहे असेही आम्हांस वाटते. मात्र रोष नेमका कशाचा, हे तपासून घेणे बरे. घरच्या माणसाचे आक्षेप पाहिले तर ते तीन भरतात. पहिला, तिथी सोडली. दुसरा, रूप पालटले. तिसरा, ज्या दुःखातून हा दिवस जन्मला ते दुःखच गाळून टाकले. या तिन्ही आक्षेपांचे मोल सारखे नाही. ते वेगवेगळे जोखण्यासाठी आपण एका दूरच्या राष्ट्राचा इतिहास पाहू या, कारण हा वाद जगात सर्वांत अधिक काळ कोणी घातला असेल तर तो आयर्लंडच्या लोकांनी.

आयर्लंड आपणां वाचकांना वाटते तितके दूर नाही. २००५ साली सिंधुदुर्ग धर्मप्रांत स्थापन होऊन सावंतवाडीचे मिलाग्रिस मातेचे देऊळ प्रधान मंदिर झाले. त्यापूर्वी आपला प्रदेश पुणे धर्मप्रांतात होता, आणि पुण्याचे प्रधान मंदिर संत पॅट्रिकच्या नावाचे आहे. आयर्लंडचा आश्रयदाता संत पुण्यास कसा आला? ब्रिटिश फौजेतील आयरिश कॅथलिक शिपायांबरोबर. १८५० साली ते देऊळ प्रामुख्याने त्यांच्यासाठी उभे राहिले. पोटासाठी परक्या राजाची चाकरी पत्करलेल्या त्या शिपायांनी आपला संत सोबत आणला, आणि पुढे पिढ्यान्‌पिढ्या तो आपलाही झाला.

हा संत पॅट्रिक स्वतः आयरिश नव्हता. पाचव्या शतकातील रोमन ब्रिटनमध्ये वाढलेल्या या मुलाला सोळाव्या वर्षाच्या सुमारास आयरिश लुटारूंनी पळवून नेले. सहा वर्षे त्याने गुलाम म्हणून गुरे राखली, मग पळ काढला, आणि पुढे बिशप होऊन ज्यांनी आपल्याला गुलाम केले त्याच लोकांकडे सुवार्ता घेऊन परत गेला. त्याचे दोन लेख आजही उपलब्ध आहेत. एकात त्याने आपली जीवनकथा सांगितली आहे. दुसरे पत्र कोरोटिकस नावाच्या सरदाराच्या सैनिकांना उद्देशून आहे. या सैनिकांनी नुकताच बाप्तिस्मा घेतलेल्या माणसांची कत्तल केली होती आणि उरलेल्यांना गुलाम म्हणून विकण्यासाठी नेले होते. त्यांचा निषेध करताना या सौम्य संताची लेखणी विस्तवासारखी होते. गुलामगिरी भोगलेल्या माणसाने गुलामगिरीविरुद्ध लिहिलेला हा फार जुना लेख आहे. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिची गरज लागणार आहे.

सतरा मार्च हा संत पॅट्रिकच्या मरणाचा दिवस मानला जातो. मायदेशी हा सण दीर्घकाळ साधाच होता. मिस्सा, टोपीला वा कोटाला खोचलेले त्रिदली शॅमरॉकचे पान, चालिसातील उपवासाला त्या दिवसापुरती सूट, आणि घरचे जेवण. १९०३ साली तो सार्वजनिक सुट्टीचा दिवस झाला. स्वतंत्र आयरिश राज्याने १९२०च्या दशकात त्या दिवशी मद्यालये बंद ठेवण्याचा कायदा केला, आणि ही बंदी १९६०च्या सुमारापर्यंत टिकली. म्हणजे ज्या सणाचे नाव काढताच जगाला आज मद्याचा पेला आठवतो, त्या सणाला त्याच्या मायदेशी सुमारे तीन तपे मद्यालयांची दारे बंद होती.

थाट होता तो परदेशी. न्यूयॉर्कची सतरा मार्चची मिरवणूक परंपरेने १७६२ सालापासून मोजली जाते. ती काढणारे ब्रिटिश फौजेतील आयरिश शिपाई होते. १८४५ साली आयर्लंडात बटाट्याच्या पिकावर रोग पडला. त्यानंतरच्या सात वर्षांत सुमारे दहा लाख माणसे भुकेने व साथीने मेली, आणि दहा लाखांहून अधिक देश सोडून गेली. अमेरिकेत त्यांना पायघड्या घातल्या गेल्या नाहीत. १८४४ साली, दुष्काळाच्या आधीच, फिलाडेल्फियात कॅथलिकांची देवळे जाळण्यात आली होती. अशा नगरांत हजारो आयरिश कॅथलिकांनी वर्षातून एकदा मुख्य रस्त्यावरून वाजतगाजत चालत जाणे ही चैन नव्हती. ‘आम्ही येथे आहोत, आमची संख्या मोजा, आमच्या देवळांना हात लावण्यापूर्वी विचार करा’ असे सांगण्याची ती रीत होती. ढोल जोरात वाजवावा लागला, कारण ऐकणारा बहिरेपणाचे सोंग घेऊन बसला होता.

संकट सरले तरी ढोल राहिला. मग शिकागोत १९६२ साली सतरा मार्चनिमित्त नदीचे पाणी हिरवे करण्यात आले. हिरवी टोपी, हिरवे मद्य आले. त्रिदली पानाच्या जागी चार पाकळ्यांचे पान छापले जाऊ लागले. आयर्लंडात डुकराच्या मांसाचा जो पदार्थ होत असे त्याच्या जागी न्यूयॉर्कमध्ये यहुदी खाटकांकडे मिळणारे खारवलेले गोमांस आले आणि तेच ‘आयरिश जेवण’ ठरले. हे सारे पाहून डब्लिनचा माणूस कपाळाला आठ्या घालतो, अगदी आपल्या पडवीतल्या वडीलधाऱ्यांसारख्या. पण या कथेचा शेवट मौजेचा आहे. १९९५ साली आयर्लंडच्या सरकारनेच हा सण मोठ्या प्रमाणावर साजरा करण्याचे ठरविले आणि १९९६ पासून डब्लिनमध्ये संत पॅट्रिक महोत्सव भरू लागला. ज्या थाटाला घर हसत होते तोच थाट घराने उंबऱ्याच्या आत घेतला.

आता आपले तीन आक्षेप पुन्हा हाती घेऊ.

तिथी सोडल्याचा आक्षेप फार टिकत नाही. ख्रिस्तशरीराचा सण मूळचा गुरुवारचा. लोकांना येता यावे म्हणून आपण तो रविवारी पाळतो. २००८ साली सतरा मार्च पवित्र आठवड्यात आला तेव्हा खुद्द आयर्लंडच्या बिशपांनी संत पॅट्रिकचा सण दोन दिवस अलीकडे, पंधरा मार्चला घेतला. कारखान्यात, इस्पितळात, कचेरीत राबणाऱ्या माणसाने शनिवार गाठला तर त्यात अनादर मानण्याचे कारण नाही. तिथीपेक्षा एकत्र येणे मोठे.

रूप पालटल्याचा आक्षेप अधिक गंभीर वाटतो. पण आपलाच इतिहास त्याला उत्तर देतो. १८३४ पासून मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवर करारबद्ध मजूर नेले जाऊ लागले. त्यांत मुंबई बंदरातून गेलेले मराठी लोक होते, आणि त्यांतले बहुसंख्य आपल्या कोकणपट्टीचे. त्या मजुरांचे वंशज आज घरी बहुतांशी क्रेओल बोलतात. मराठी ते शाळेत शिकतात. पण गणेश चतुर्थीला तेथे सार्वजनिक सुट्टी असते आणि कोकणातली जाखडी तेथे ‘झाकरी’ या नावाने अद्याप नाचली जाते. ती आपल्या जाखडीसारखी हुबेहूब नसेल. दोनशे वर्षांच्या घरात जाणारा काळ, मध्ये पसरलेला महासागर, आणि परतीचे भाडे कधीच न जमलेली माणसे. त्यातून जे उरले ते उरले हाच चमत्कार. त्याच्या ताल-सुरातले दोष काढण्यापूर्वी आपण क्षणभर पायांतील वहाणा काढाव्यात.

मुंबईचा दाखला तर अधिकच जवळचा. खोतीचा जाच, तुटपुंजी जमीन आणि मोठे कुटुंब यांमुळे कोकणचा माणूस एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून गिरण्यांकडे वळला. एकेका खोलीत पाळीपाळीने झोपणाऱ्या गावकऱ्यांनी आपापली मंडळे केली, गावच्या देवाच्या नावाने वर्गणी जमविली. कॅथलिक खलाशी, स्वयंपाकी व बँडवाले यांनी गोव्याच्या धर्तीवर ‘कूड’ या गाववार वसतिगृहांचा आश्रय घेतला. तेथे वेदीवर गावचा आश्रयदाता संत असे, संध्याकाळी रोझरीला हजर राहावे लागे, आणि संताचा सण गाव जितक्या भक्तीने करी तितक्याच भक्तीने, कधी अधिक खर्चाने, होई. ‘गावापेक्षा मुंबईकरांचाच सण मोठा’ ही कुरकुर तेव्हाही असणारच. पण त्या सणाने कितीक तरुणांना वाट चुकण्यापासून वाचविले.

आणि आपली मालवणी बोली? तिला एके काळी शाळेत मार मिळे, सभेत हसे होई. १९८० साली गंगाराम गवाणकरांचे ‘वस्त्रहरण’ मच्छिंद्र कांबळी यांनी मुंबईच्या रंगभूमीवर आणले, आणि गावच्या मंडळींनी नाटक बसविताना उडणाऱ्या गोंधळाला सारा महाराष्ट्र हसला. पण हे हसणे निराळे होते. पुढे ते नाटक लंडनलाही गेले. त्यानंतर मालवणी बोलण्याची लाज कमी झाली, ती मुंबईत आधी आणि मालवणात मागाहून. दूर गेलेल्यांनी रूप पालटून उभे केलेले काही वेळा घरालाच ताठ उभे राहण्यास शिकविते, हे आपण मान्य करावयास हवे.

उरला तिसरा आक्षेप. येथे मात्र आमचा रोष आम्ही मागे घेऊ इच्छीत नाही.

एक मे १९६० हा दिवस कोणी भेट दिलेला नाही. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी मुंबईत फ्लोरा फाउंटनपाशी गोळीबार झाला. जानेवारी १९५६ मध्ये पुन्हा रस्त्यारस्त्यांवर गोळ्या चालल्या. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात शंभरावर माणसे प्राणांस मुकली. त्या लढ्याचा कणा मुंबईचा श्रमिक, आणि त्या श्रमिकांत कोकणातून पोट भरावयास गेलेला गिरणी कामगार मोठ्या संख्येने. म्हणजे हा दिवस मिळविण्यात परगावी गेलेल्यांचाच मोठा वाटा. पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले आणि त्यांतले असंख्य देशोधडीला लागले. त्या वर्षांत आपल्या गावांकडे येणाऱ्या मनिऑर्डरी थांबल्या आणि कैक घरांतील मुलांचे शिक्षण थांबले. परदेशातल्या सभागृहात लावणीला वेळ असतो. या माणसांसाठी दोन मिनिटे उभे राहण्यास नसतो. हे गाळणे आम्हांस सलते. पण घरच्या ध्वजवंदनात तरी त्यांचे नाव कितीदा निघते? घरचा उत्सव निर्मळ आणि दूरचा भेसळीचा असे मानण्याचा अधिकार आपल्याला नाही. ४ डिसेंबर २०२३ रोजी, नौदल दिनी, मालवणच्या राजकोटावर छत्रपतींच्या पुतळ्याचे थाटात अनावरण झाले, आणि २६ ऑगस्ट २०२४ रोजी तो कोसळला. त्याच्या जागी २०२५ साली नवा उभा राहिला खरा. पण थाट आणि निष्ठा यांतले अंतर त्या दिवशी आपल्याच किनाऱ्यावर उघडे पडले.

दुःख विसरलेला सण किती दूर भरकटू शकतो, याचा सर्वांत कठोर दाखला पुन्हा आयरिश लोकांच्याच इतिहासात आहे. कॅरिबियन समुद्रात माँटसेरात नावाचे छोटे बेट आहे. सतराव्या शतकात तेथे अनेक आयरिश लोक गेले. त्यांतले कित्येक करारबद्ध नोकर म्हणून, धर्मापायी व दारिद्र्यापायी हाकलले गेलेले. कालांतराने त्यांच्यांतले काही जमीनदार झाले आणि आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांकडून ऊस पिकवू लागले. १७६८ साली तेथील गुलामांनी बंडाचा बेत केला, आणि दिवस निवडला सतरा मार्च. मालक संत पॅट्रिकच्या सणाच्या धुंदीत असतील, हा त्यांचा हिशेब. बेत फुटला, आणि गुलामांना फासावर चढविण्यात आले. जो संत स्वतः गुलाम होता, ज्याने माणसे विकणाऱ्यांचा धिक्कार केला, त्याच्या सणाच्या दिवशी त्याचे भक्त पेले भरीत होते, आणि त्यांचे गुलाम त्याच दिवसाची मुक्तीसाठी वाट पाहत होते! आज माँटसेरातमध्ये सतरा मार्चला सुट्टी असते, ती संताच्या नावाबरोबर त्या बंडखोरांच्या स्मरणासाठी. मॉरिशसनेही असाच शहाणपणा दाखविला आहे. गुलामगिरी संपल्याचा १ फेब्रुवारी आणि करारबद्ध मजुरांच्या आगमनाचा २ नोव्हेंबर, हे दोन्ही दिवस तेथे राष्ट्रीय स्मरणाचे आहेत. पोर्ट लुईच्या ज्या घाटावर हे मजूर उतरले तो आप्रवासी घाट २००६ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे.

वाचकहो, आपल्याला माँटसेरातइतके दूर जाण्याची गरज नाही. एक मेच्या सकाळी आपल्या आंब्याच्या बागेत नजर टाका. राखण करणारा, फवारणीचे पंप पाठीवर वाहणारा माणूस पुष्कळदा नेपाळचा असतो. ट्रॉलरवरचे खलाशी, चिरेखाणीत धुळीने लाल झालेली कुटुंबे, बांधकामावरची पोरे, ही सारी परप्रांतांची वा परदेशाची. त्यांची गावेही आपल्या गावांसारखीच म्हाताऱ्यांनी आणि बंद दारांनी भरलेली असतील. दसऱ्याला ते आपल्या खोपटीत ढोलकी वाजवितात तेव्हा ‘रात्रभर काय हा गोंगाट’ असे आपण म्हणतो. हाच शेरा शंभर वर्षांपूर्वी मुंबईतल्या चाळीच्या मालकाने आपल्या आज्यांना मारला असेल. मालवणचा ख्रिस्ती माणूस मुंबईत गोवेकर समजला जातो आणि गोव्यात मालवणी. धड कोणत्याच मंडपात न मावण्याचे दुःख आपल्याइतके कोणाला ठाऊक असणार? मग ते दुसऱ्याच्या वाट्याला आपण का द्यावे?

पवित्र शास्त्रात या बाबतीत मोठी दूरदृष्टी आहे. अनुवाद या पुस्तकाच्या सव्विसाव्या अध्यायात पहिल्या पिकाच्या अर्पणाचा विधी सांगितला आहे. टोपली वेदीपुढे ठेवताना इस्राएली माणसाने आपला पूर्वज भटका होता, परदेशी उपरा म्हणून राहिला, तेथे राबविला गेला, ही कथा मोठ्याने सांगावयाची असते. लगेच पुढे आज्ञा येते ती अशी की, या आनंदाच्या भोजनात गावात राहणाऱ्या उपऱ्यालाही सामील करून घ्यावे. आधी स्मरण, मग भोजन, आणि भोजनात परका. सणाची याहून नेमकी कसोटी आम्हांस ठाऊक नाही. शिकागोतल्या सभागृहाला तीच लावावी आणि आपल्या अंगणालाही तीच.

म्हणून येत्या एक मेसाठी दोन सूचना. आपल्या धर्मग्रामांच्या बाप्तिस्म्याच्या व विवाहाच्या नोंदवह्यांत गाव सोडून गेलेल्यांची नावे सुप्त पडून आहेत. ट्रंकांच्या तळाशी मनिऑर्डरीच्या पावत्या, खलाशांच्या जुन्या पुस्तिका, आफ्रिकेच्या तिकिटांची पत्रे आहेत. तरुण मंडळींनी मेच्या सुट्टीत घरोघर जाऊन ती पाहावीत, वडीलधाऱ्यांना विचारावे, आणि कोण कोठे गेले, काय सोसले, कोण परतले नाही, याची एक वही प्रत्येक धर्मग्रामाने करावी. ती वही परदेशी मंडळांकडे पाठविता येईल. म्हणजे त्यांच्या कार्यक्रमात पोवाड्यानंतर वाचावयास काहीतरी असेल. दुसरी सूचना त्याहून सोपी. कामगार संत योसेफाच्या मिस्सेनंतर होणाऱ्या अल्पोपाहाराला बागेतल्या राखणदाराला आणि होडीवरच्या खलाशाला बोलवावे, त्यांचा धर्म न विचारता.

परदेशी गेलेल्या आपल्या लेकरांवर रागवावयाचे तर रागवू या. रागावण्याइतके ते आपले आहेतच. त्यांनी फेटे बांधावेत, ढोल वाजवावेत, शनिवारी वाजवावेत. आपण त्यांच्याकडे फक्त दोन मिनिटांची शांतता मागू आणि एका उपऱ्यासाठी पंगतीत एक पान मागू. मात्र ते मागण्यापूर्वी आपल्या पंगतीत ते पान मांडलेले असले पाहिजे.